जादा पस्तीस लाखांत काय येतं?

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघालं की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. तिथल्या स्कोडा-फोक्सवॅगनच्या कारखान्यात २०२२ साली तीन गाड्या एकाच आवारात जोडल्या जात होत्या : फोक्सवॅगनची टिग्वान, स्कोडाची कोडियाक आणि ऑडीची क्यू-थ्री. तिघींच्या बॉनेटखाली दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं. तिघींची ताकद १९० अश्वशक्ती, टॉर्क ३२० न्यूटन मीटर. सात गिअरचा दोन क्लचवाला गिअरबॉक्स तिघींना, चारही चाकांना ताकद पुरवण्याची सोय तिघींना, आणि ज्यावर त्या उभ्या होत्या तो ‘एमक्यूबी’ नावाचा मूळ सांगाडाही एकाच घराण्यातला. बाजारात येतानाची शोरूम किंमत मात्र टिग्वानची ३१.९९ लाख, कोडियाकची ३४.९९ लाख आणि ऑडीची ४४.८९ लाख. शिवाय कोडियाकमध्ये सात माणसं बसत होती आणि ऑडीत पाच.

हे ऐकून काही जण ‘म्हणजे चार गोल कड्यांचेच तेरा लाख!’ असं म्हणून हात झटकून मोकळे होतात. काही जण उलट बाजूने सांगतात, ‘एकदा चालवून बघा, मग बोला.’ दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत, आणि गाडी घ्यायला निघालेल्या माणसाची पंचाईत तिथेच होते. हा प्रश्न आता फक्त कारखानदारांचा किंवा सिनेमावाल्यांचा राहिलेला नाही. दोघंही आयटीत असलेलं जोडपं, स्वतःचं हॉस्पिटल चालवणारे डॉक्टर, जमिनीचे पैसे आलेला शेतकरी, द्राक्ष निर्यात करणारा बागाईतदार, अशा घरांत वीस लाखांची चांगली गाडी घ्यावी की पन्नास लाखांची ‘नाव असलेली’, यावर जेवताना चर्चा चालते. तरी एकूण बाजारात हा वर्ग अजून चिमूटभरच आहे. २०२४ मध्ये मर्सिडीजने भारतात १९,५६५ गाड्या विकल्या आणि तो त्यांचा तोवरचा विक्रम ठरला. त्याच वर्षी देशात एकूण प्रवासी गाड्या विकल्या गेल्या चाळीस लाखांहून जास्त.

इंजिन एकच असेल तर पैसे जातात कुठे? बरेचसे अशा ठिकाणी, जी कॅटलॉगात दिसत नाहीत. दाराच्या काचेचंच घ्या. साध्या गाडीत ती एका थराची असते. महागड्या गाड्यांपैकी अनेकींत दोन काचांच्या मध्ये आवाज शोषणारा पापुद्रा असतो. दाराला रबराची एक पट्टी पुरते, तिथे दोन किंवा तीन लावतात. मागच्या चाकांचं सस्पेन्शन स्वस्त गाड्यांत बहुधा एका आडव्या दांडीवर काम करतं. डावं चाक खड्ड्यात गेलं की त्याचा झटका उजव्या बाजूलाही पोचतो. महागड्या गाडीत प्रत्येक चाकाला स्वतंत्र, अनेक दांड्यांची जुळणी असते. सीटच्या आतला फोम, रंगाचे थर, समोरच्या गाडीच्या डोळ्यांवर प्रकाश जाऊ न देता बाकीचा रस्ता उजळणारे हेडलाइट, हे सगळं त्याच जातीचं. दहा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये यातलं काहीच नीट कळत नाही. शोरूमच्या भोवती एक चक्कर मारून आलेल्या माणसाला फक्त नव्या चामड्याचा वास आणि मोठा स्क्रीन आठवतो.

कळतं ते तिसऱ्या तासाला. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर कमाल वेग १२० आहे. ताशी ८० किलोमीटरला वीस लाखांची आणि साठ लाखांची गाडी यांतला फरक मागच्या सीटवर पेंगणाऱ्या आजींना सांगता येणार नाही. १२०ला येतो. स्वस्त गाडीत वाऱ्याचा घोंगावणारा आवाज आत येतो, काँक्रीटवर टायरची सतत घरघर चालते, ट्रकला मागे टाकताना स्टीअरिंग हलकं वाटून हात घट्ट होतात. चांगल्या जर्मन गाडीत त्याच वेगाला शेजाऱ्याशी हळू आवाजात बोलता येतं. नागपूरहून निघालेला माणूस इगतपुरीला उतरतो तेव्हा त्याची कंबर आणि कान किती थकलेत, यात त्या जादा पैशांचा खरा हिशेब आहे. ज्या देशात या गाड्या आखल्या जातात तिथल्या ऑटोबानवर बऱ्याच टप्प्यांत वेगाला कायद्याची मर्यादाच नाही. तिथे लागणारी स्थिरता त्यांच्या हाडामासात बसवलेली असते. कोथरूडहून हिंजवडीला जाताना ती गुंडाळून ठेवलेल्या पैठणीसारखी पडून राहते.

पण एक गोष्ट विसरून चालत नाही. खालच्या पायरीवरची गाडी गेल्या पंचवीस वर्षांत खूप वर चढली आहे. मर्सिडीजने १९९४ मध्ये, पुढे टाटा मोटर्स झालेल्या टेल्कोबरोबर भारतात पाऊल ठेवलं आणि पुढच्या वर्षी पुण्यात जोडलेली ई-क्लास रस्त्यावर आली, तेव्हा तिच्या शेजारी सिग्नलला उभी राहणारी गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, अँबॅसडर किंवा मारुती ८००. तेव्हा तुलना करायचा प्रश्नच नव्हता. ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणा मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये १९७८ मध्ये आली, एअरबॅग त्याच गाडीत १९८१च्या सुमारास, आणि घसरणारी गाडी सावरणारी ईएसपी १९९५ मध्ये. भारतात एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. म्हणजे जर्मनीतल्या धनाढ्यांच्या गाडीतली गोष्ट आपल्याकडच्या अगदी छोट्या गाडीत यायला चाळीस वर्षं लागली.

आता तो वेळ फार आखडला आहे. समोरचं वाहन जवळ आलं की आपोआप ब्रेक लावणारी, लेन सोडली तर सावध करणारी यंत्रणा २०२१ मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही-७०० मध्ये आली, आणि ही गाडी चाकणची. वरून उघडणारं मोठं काचेचं छत, गार हवा देणाऱ्या सीट, चारही बाजूंचे कॅमेरे हे सगळं आज पंचवीस लाखांच्या आत मिळतं. उलट काही महागड्या गाड्यांच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये यातल्या दोन-तीन गोष्टी नसतात आणि त्यासाठी वरचं मॉडेल घ्या असं सांगण्यात येतं. ‘फीचर्स’ची यादी घेऊन तुलना करायला बसलेला माणूस देशी गाडीच घेऊन उठणार, यात शंका नाही. ताकदीचंही तसंच. बीएमडब्ल्यूची एक्स-वन २०२३च्या जानेवारीत ४५.९ लाखांना आली; तिच्या पेट्रोल मॉडेलमध्ये दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, ताकद १३६ अश्वशक्ती. एक्सयूव्ही-७००च्या दोन लिटर पेट्रोलची ताकद २००. इथे एक गंमतही आहे. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता गाडीच्या किमतीवर ठरत नाही, इंजिनाच्या सीसीवर ठरतो. २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७. म्हणजे विम्याच्या या एका रकान्यात बीएमडब्ल्यूवाला महिंद्रावाल्याच्या निम्म्याहून कमी भरतो! आनंद मानायला एवढी एकच जागा आहे. बाकी सगळे रकाने उलटे आहेत.

सुरक्षिततेचा मुद्दा सेल्समन शेवटी काढतो आणि तोच सगळ्यात जास्त चालतो, कारण ‘पोराबाळांच्या जिवापुढे पैसा काय’ म्हटल्यावर समोरच्याला उत्तर नसतं. इथेही जुनी समजूत तपासून घ्यायला हवी. टाटाची नेक्सॉन, जी पुण्याजवळ रांजणगावात बनते, २०१८च्या डिसेंबरमध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाचही तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं आणि त्याच डिसेंबरात टाटाच्याच हॅरिअर आणि सफारीने त्यात पाच तारे घेतले. जर्मन गाड्यांना युरोपातल्या चाचण्यांत मिळणारे तारे आणि हे तारे एकाच तराजूत तोलता येत नाहीत, निकष वेगवेगळे आहेत. महागड्या गाडीत जादा एअरबॅग आणि जास्त हुशार यंत्रणा असतात हेही खरं. पण ‘स्वस्त म्हणजे पत्र्याचा डबा’ हे विधान आता जुनं झालं.

आणि गाडी कितीही चांगली असली तरी एक काम तिला करता येत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदाबादहून मुंबईकडे येताना पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी गेले. गाडी मर्सिडीजची जीएलसी होती. समोर बसलेले दोघं जखमी झाले पण वाचले. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांच्या तपासातून पुढे आलं. त्यानंतर त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांना पट्टा सक्तीचा केला. पट्टा साध्या गाडीतही असतो, आणि आपल्याकडे मागच्या सीटवर तो बहुतेक वेळा गादीखाली दडपलेला असतो.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसायची वेळ. एक काल्पनिक पण बाजाराला धरून असलेलं उदाहरण घेऊ. दोन पेट्रोल गाड्या : एकीची शोरूम किंमत २० लाख, दुसरीची ५० लाख. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब किंवा मोठ्या इंजिनाच्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के जीएसटी आहे, आधीचा वेगळा सेस गेला. हा जीएसटी या किमतीत आधीच मिसळलेला आहे. वर महाराष्ट्राचा वाहन कर : पेट्रोल गाडीला दहा ते वीस लाखांत १२ टक्के, वीस लाखांच्या वर १३ टक्के. पहिल्या गाडीला २.४ लाख, दुसरीला साडेसहा लाख. विमा वगैरे धरून पहिली दारात उभी राहते सुमारे साडेतेवीस लाखांत, दुसरी सुमारे ५९ लाखांत. फरक साडेपस्तीस लाखांचा.

या फरकाची चिरफाड केली की पहिली गोष्ट दिसते ती करांची. जादा तीस लाखांच्या किमतीत जीएसटीचे साडेआठ लाख आहेत आणि त्यावर वाहन कराचे जादा चार लाख. गिऱ्हाईक समजतो की आपण जादा पैसे जर्मन इंजिनिअरला दिले. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग मंत्रालय आणि दिल्ली यांच्यात वाटला जातो. त्या पैशात ना जाड काच येते ना मऊ सीट. विकताना तो पैसा परत मिळत नाही हे वेगळंच.

दुसरी गोष्ट घसाऱ्याची. विम्यासाठी गाडीची किंमत कशी उतरते याचं ठरलेलं कोष्टक आहे : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षभरात १५, दोन वर्षांत २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के घट. सेकंडहँड बाजार हे कोष्टक मानतोच असं नाही. खपणाऱ्या टोयोटाला तो कोष्टकापेक्षा जास्त भाव देतो, आणि वॉरंटी संपलेल्या जर्मन गाडीला सहसा कमी, कारण घेणाऱ्याला पुढच्या बिलांची धास्ती असते. समजा आपली पहिली गाडी पाच वर्षांनी ११ लाखांना गेली आणि दुसरी २३ लाखांना. पहिलीत साडेबारा लाख बुडाले, दुसरीत छत्तीस. फरक साडेतेवीस लाखांचा. विम्याच्या जादा हप्त्यांचे पाच वर्षांत तीन लाख धरा; सर्व्हिसिंग, टायर, ब्रेक पॅड यांचे जादा चार लाख. जादा गुंतलेली रक्कम बँकेत सात टक्क्यांनी ठेवली असती तर मिळालं असतं ते सुमारे आठ लाख. बेरीज साडेअडतीस लाख.

हा आकडा मोठा आहे म्हणून त्याचा अर्थ लागत नाही. म्हणून तो वाटून बघावा. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालणाऱ्या माणसाचे पाच वर्षांत साठ हजार किलोमीटर होतात. म्हणजे दर किलोमीटरमागे जादा ६४ रुपये. पुण्याहून मुंबईला एक फेरी, एका बाजूची, जादा साडेनऊ हजारांना पडते. यात पेट्रोल धरलेलं नाही. शहर आणि हायवे मिळून सरासरी ताशी ३५ किलोमीटर धरले तर पाच वर्षांत गाडीत सुमारे सतराशे तास बसणं होतं. तासाला जादा सव्वादोन हजार रुपये.

‘साडेअडतीस लाख परवडतात का?’ या प्रश्नाला श्रीमंत माणूस सहज हो म्हणतो. ‘या तासाला सव्वादोन हजार द्यायचे आहेत का?’ असं विचारलं की तोच माणूस थबकतो, आणि मग वेगवेगळ्या माणसांची उत्तरं वेगवेगळी येतात. सोलापूर, लातूर, नांदेड अशी आठवड्यातून तीन दिवस ऑपरेशनं करत फिरणारा सर्जन, जो मागच्या सीटवर झोपून दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी ताजातवाना होतो, त्याला हा भाव स्वस्त आहे. त्याचे किलोमीटरही बारा हजारांऐवजी चाळीस हजार होतात, त्यामुळे दर आणखी उतरतो. ज्याची गाडी आठवडाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाकण घालून उभी असते आणि रविवारी हॉटेलात जेवायला निघते, त्याला तासाचा भाव सव्वादोन हजारांवरून कुठल्या कुठे जातो. गाडी उभी असली तरी तिची किंमत घसरायची थांबत नाही.

रस्त्याचाही विचार व्हावा. महागड्या गाड्यांना दिसायला देखणे, बारीक काठाचे टायर असतात. रबराची उंची कमी, त्यामुळे खड्ड्यात रिमच आपटतं. अनेक मॉडेलांत स्टेपनीच नसते. त्याऐवजी रनफ्लॅट टायर, जे पंक्चर झाल्यावरही ताशी ८० किलोमीटर वेगाने साधारण ८० किलोमीटर नेतात. जर्मनीत ८० किलोमीटरांत गॅरेज येतंच. आंबोली घाटातून सावंतवाडीकडे उतरताना रविवारी संध्याकाळी काय येतं, ते त्या भागातल्यांनाच विचारावं. आणि तसा टायर गावातल्या पंक्चरवाल्याकडे नसतो, असला तर पंधरा-वीस हजारांच्या पुढे असतो. जोडीला सर्व्हिस सेंटर. मोठ्या शहरात ते आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी नसेल तर स्क्रीनवर पिवळा दिवा लागला की गाडी फ्लॅटबेडवर चढवून दीडशे-दोनशे किलोमीटर न्यावी लागते. गावाकडचा हुशार मेकॅनिक इंजिन कानाने ओळखतो, पण कंपनीच्या सॉफ्टवेअरचं कुलूप त्याला उघडता येत नाही.

पावसाचं वेगळंच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून मुंबईकर गाडीवाल्यांना एक धडा माहीत आहे, तरी दर वर्षी कुणीतरी तो नव्याने गिरवतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, आतले कनेक्टिंग रॉड वाकतात. साध्या विम्यात अशा वेळी इंजिनाचा खर्च सहसा मिळत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळं कलम घ्यावं लागतं. गाडी वीस लाखांची असेल तर तो फटका दुखतो. पन्नास लाखांची असेल आणि सीटखाली, डिकीच्या तळाशी कंट्रोल युनिट बसवलेली असतील तर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी दुरुस्त करण्याऐवजी ‘टोटल लॉस’ लिहायच्या तयारीत येतो.

तेव्हा बुकिंगच्या आधी शोरूमच्या सोफ्यावर न बसता मागच्या बाजूच्या स्पेअर पार्ट काउंटरवर जावं. एका हेडलाइटची किंमत, चार टायरांची किंमत, बॅटरीची किंमत आणि वॉरंटी संपल्यावरच्या पहिल्या सर्व्हिसचा अंदाज, एवढं लेखी मागावं. नव्या हुशार हेडलाइटचा आकडा लाखाच्या वर ऐकून अनेकांची चहाची वाफ तिथेच निघून जाते. टेस्ट ड्राइव्ह नेहमीच्या रस्त्यावर, घरच्या माणसांना बसवून, निदान दोन तास घ्यावी. एवढी देत नसतील तर तसलीच गाडी दोन दिवस भाड्याने घ्यावी. पन्नास लाखांपुढे ते भाडं म्हणजे काहीच नाही. आजोबांना चढता-उतरता येतं का, सोसायटीच्या उतारावर पुढचा बंपर घासतो का, हे तेव्हाच समजतं.

व्यवसाय असणाऱ्यांचा एक लाडका युक्तिवाद असतो : ‘गाडी कंपनीच्या नावावर घेतली की टॅक्समध्ये सुटतं.’ सुटतं ते मुख्यतः एवढंच, की गाडीच्या किमतीवर वर्षाला १५ टक्के घसारा नफ्यातून वजा होतो. जीएसटीचा परतावा अशा गाडीला मिळत नाही, कायद्याने तो अडवलेला आहे. आणि महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर पासिंग केलं की वाहन कर १३ टक्क्यांऐवजी सरळ २० टक्के. पन्नास लाखांच्या गाडीला साडेतीन लाख जादा, पहिल्याच दिवशी. हिशेब तरीही जमू शकतो, पण तो सीएने मांडावा, जावयाने नव्हे.

या सगळ्या आकडेमोडीवर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. गाडी कुणी किलोमीटरच्या भावाने घेतं का? दारात मर्सिडीज उभी राहिली की सोयरिकीच्या बैठकीचा सूर बदलतो, बँकेचा मॅनेजर उठून उभा राहतो, टेंडरच्या मीटिंगला वॉचमन गेट आधीच उघडतो. मानाला भाव असतो आणि तो माहीत असूनच लोक मोजतात. ०००१ हा नंबर हवा तर राज्य सरकारने २०२४ मध्ये चारचाकीसाठीचं शुल्क तीन लाखांवरून पाच लाखांवर नेलं, तरी घेणारे आहेत. म्हणून मानासाठी घ्यायची असेल तर खुशाल घ्यावी, फक्त त्याला ‘मायलेज’, ‘सेफ्टी’, ‘गुंतवणूक’ अशी नावं देऊ नयेत. गाडी गुंतवणूक नाही. पाच वर्षांनी निम्मी होणाऱ्या वस्तूला सोनार गुंतवणूक म्हणणार नाही.

मानाचा सौदा महाराष्ट्राने एकदा घाऊक भावात केलेला आहे, आणि तोही शेंद्र्यापासून फार लांब नाही. ऑक्टोबर २०१०. तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजक, बिल्डर, डॉक्टर अशांच्या गटाने एकत्र येऊन एकाच वेळी १५१ मर्सिडीज घेतल्या. एकूण व्यवहार सुमारे ६५ कोटींचा, म्हणजे सरासरी एका गाडीला ४३ लाख. स्टेट बँकेने चाळीस कोटींहून जास्त कर्ज दिलं, सात टक्क्यांनी. घेणाऱ्यांचं म्हणणं होतं की शहराचं नाव व्हावं, बाहेरच्या गुंतवणूकदारांनी औरंगाबादकडे वळून पाहावं. नाव झालं. जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली. आणि त्याच मराठवाड्यात ट्रॅक्टरला मर्सिडीजपेक्षा बरंच जास्त व्याज पडतं, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये लिहिलं तेव्हा त्याच बातमीची दुसरी बाजू गाजली. त्या १५१ जणांना फायदा झाला की तोटा हे किलोमीटरवर मोजता येणार नाही. काहींना त्या एका गाडीने मोठी कामं मिळवून दिली असतील. काहींची गाडी तिसऱ्या वर्षी हप्त्यांसकट दुसऱ्याच्या दारात गेली असेल.

त्यातल्या ज्या अजून चालू स्थितीत आहेत, त्यांची पंधरा वर्षांच्या नोंदणीची मुदत २०२५च्या अखेरीला संपली. पुढची पाच वर्षं रस्त्यावर राहायचं तर आरटीओत नेऊन तपासणी करून घ्यावी लागते, वर पर्यावरण कर भरावा लागतो. नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्क परदेशातून तयार आलेल्या गाडीला जास्त आहे, पण भारतात जोडलेल्या मर्सिडीजला नाही. तिला पाच हजार रुपये. रांगेत पुढे उभ्या असलेल्या २०१०च्या अल्टोलाही पाच हजारच.